पाय टेकला का?

बारा वर्षांत मी पुष्कळ काही कबूल केलं आहे. आईचा सोनेरी काड्यांचा चष्मा मीच त्यावर बसून फोडला, हे कबूल केलं. मी एका शाळेच्या कार्यालयात लेखनिक आहे. तिथे एका मुलाचा दाखला माझ्या हातून भलत्याच फायलीत गेला आणि बोलणी शिपायाला बसली. तेही दोन दिवसांनी का होईना, मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. एक गोष्ट तेवढी राहिली. ती बायकोला सांगितली नाही, भावाला नाही, मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वैशालीला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला गेलं की त्याच्या डोळ्यांसमोर ती उभी राहते — आणि मग मला वाक्य पुरं करता येत नाही.

वैशाली म्हणजे माझी बायको.

ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मोटारसायकलच्या लायसन्सची परीक्षा, आणि त्यात एक-दोन शब्द. मीही स्वतःला हेच सांगत आलो आहे — एवढंच. पण एवढंच असतं तर सांगून मोकळा झालो नसतो का?

मी कसबा पेठेत वाढलो. आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागायचं. मंडई पायी, शाळा पायी, पुढे नोकरीही पायीच. लग्नानंतर कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा बिनगिअरची स्कूटर घेतली, तिचं लायसन्स काढलं आणि जग जिंकलं. वैशाली अकोल्याकडची. तिचे वडील तिकडे शेतकी शाळेत मास्तर होते. त्यांच्या मोटारसायकलवरून ती नववी-दहावीपासून कालव्याच्या कडेने फिरायची. लायसन्स नव्हतं, पण त्या रस्त्यावर ते विचारणारंही कुणी नव्हतं. शेतीची पदवी घेतली, चांगल्या मार्कांनी घेतली, मग माझ्याशी लग्न करून पुण्याला आली आणि सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेत बसली. ‘येऊन राहिले’, ‘करून राहिले’ असं बोलायची. माझे मित्र त्यावरून हसायचे — मीही हसायचो — इतके हसलो की दोन वर्षांत तिने ते सोडून दिलं. हे मध्येच कशाला सांगतोय? मी कसा माणूस आहे ते तुम्हाला आधी कळलेलं बरं.

आमची मुलगी मुग्धा सहा वर्षांची झाली तेव्हा वैशालीला नोकरी चालून आली. बियाण्यांची एक कंपनी होती. मुळशी, भोर, वेल्हे या भागात गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांची पिकं पाहायची, सल्ला द्यायचा. मोटारसायकल कंपनी देणार होती. अट एकच — गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं. रुजू व्हायला दीड महिना होता. ते पत्र तिने फ्रिजच्या दारावर लावलं. दूध काढायला गेली की वाचायची. दिवसातून दूध किती वेळा काढावं लागतं? ती तेवढ्यापुरती थांबत नसे.

मलाही आनंद झाला. खरंच झाला. पण त्याच्या पाठोपाठ दुसराही विचार आला — घरात मोटारसायकल येणार, ती वैशाली चालवणार, आणि मी काय करणार? गॅलरीतून टाटा? सोसायटीतले लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, जिन्यात म्हणतात. म्हणून मीही शिकाऊ लायसन्स काढलं. दोघांनी मिळून परीक्षा देऊ, असं म्हणालो. किती समजूतदार नवरा, नाही? ती तर खूशच झाली. म्हणाली, मी शिकवते तुम्हाला.

आणि तिने शिकवलं. तळमजल्यावरच्या काकांनी त्यांची जुनी मोटारसायकल दिली होती. सकाळी सहाला आम्ही मागच्या मोकळ्या प्लॉटवर जायचो. परीक्षेत आठचा आकडा काढावा लागतो, म्हणून तिने रांगोळीने जमिनीवर मोठा आठ काढला होता. मी गाडीवर आणि ती शेजारून पळतेय. क्लच एकदम सोडू नका. खांदे सैल ठेवा. चाकाकडे पाहू नका हो, जिथे जायचंय तिकडे पाहा. एकदाही वैतागली नाही. मी दर वेळी दुसऱ्या वळणावर चाकाकडे पाहायचो आणि पाय टेकायचो. मग ती गाडी घ्यायची आणि तोच आठ असा काढायची की रांगोळी विस्कटायची नाही. शेजारच्या इमारतीतले एक आजोबा गॅलरीतून चहा पीत बघायचे. एके दिवशी त्यांनी वरून विचारलं, बाईंचा क्लास फक्त पुरुषांसाठी आहे का? मी हसलो. आत काय झालं ते कुणाला दिसलं नाही, तिलाही नाही.

परीक्षेचं मैदान शहराबाहेर होतं. काका स्वतः मोटारसायकल घेऊन आले आणि आम्हाला ती देऊन चहाला गेले. सिमेंटवर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला आठ होता. अलीकडे पत्र्याची शेड आणि तिच्यात रांग. मध्ये परीक्षेसाठी आलेल्या चारचाकी गाड्या उभ्या असल्यामुळे आठाचा लांबचा फेरा शेडमधून दिसत नव्हता. इन्स्पेक्टर आठाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पन्नाशीचे, शांत, कुणाला विनाकारण न दरडावणारे. त्यांनी सगळ्यांना एकदाच नियम सांगितला — आठ पुरा करून पांढऱ्या रेषेबाहेर येईपर्यंत पाय टेकायचा नाही. टेकला की नापास.

माझा नंबर आधी होता. दुसऱ्या वळणावर मी चाकाकडे पाहिलं. पाय टेकला. चांगला दणकून टेकला, बुटाचा आवाज झाला.

इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले, "पाय जमिनीवरच ठेवायचे असतील तर चालत जा की. त्याला लायसन्स लागत नाही."

शेडमधली सगळी रांग हसली. वीस-पंचवीस माणसं असतील. वैशाली हसली नाही. ती मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा लावत राहिली. मला तिचं ते न हसणं त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. आता वाटतं, ती हसली असती तर — पण नको. ती हसली असती तर मी त्याचंही निमित्त केलं असतं.

माझा अर्ज शेरा मारून परत मिळायचा होता, म्हणून मी इन्स्पेक्टरांच्या खुर्चीशेजारी उभा होतो. तिथून पूर्ण आठ दिसत होता. वैशाली निघाली.

तुम्ही कुणाला एखादी गोष्ट अगदी सहज करताना पाहिलं आहे का? जी तुम्हाला घाम फोडते, ती? पहिला फेरा तिने नुसता फिरवला. लांबच्या फेऱ्यात तिने वेग इतका कमी केला की मला वाटलं, गाडी बंद पडली. बंद पडली नव्हती. ती कलली, वळली, आणि दोन्ही पाय जिथे असायला हवे तिथेच होते. मी तिच्या पायांकडेच पाहत होतो. का पाहत होतो? टेकू नये म्हणून पाहत होतो असं सांगायला मला आवडेल.

नेमकं त्याच वेळी कुणीतरी एक कागद घेऊन आलं आणि इन्स्पेक्टर सही करायला वळले. त्यांनी मान वर केली तेव्हा वैशाली आठ पुरा करून रेषेबाहेर थांबली होती, आणि गाडी थांबल्यावर कुणीही टेकतो तसा तिचा डावा पाय जमिनीवर होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे सगळे कागद माहेरच्या नावाचे होते, पदवी त्याच नावाची म्हणून. त्यांच्या दृष्टीने मी रांगेतला कुणीतरी परका होतो.

"तुम्ही बघत होता ना? मध्ये पाय टेकला का यांचा?"

मला तीन उत्तरं देता आली असती. नाही — हे खरं होतं. मी पाहिलं नाही — हे खोटं, पण मग त्यांनी तिला पुन्हा एकदा आठ काढायला लावला असता, आणि तिने तो डोळे मिटून काढला असता. हे सगळं मला तेव्हा सुचलं. सुचलं नाही असं नाही. घाबरून तोंडातून काहीतरी निघून गेलं, असंही नाही. मी विचार केला आणि मग बोललो.

"हो," मी म्हणालो. "लांबच्या वळणावर."

नुसतं हो म्हणूनही भागलं असतं. जागासुद्धा मी सांगितली.

वैशालीने ते ऐकलं. चार हातांवर तर होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं — आता ती म्हणणार, खोटं आहे. मी वाट पाहत होतो. तिने गाडी स्टँडला लावली, खाली उतरली आणि डावा बूट उलटा करून त्याचा तळ पाहिला. तळाला धूळ होती. ती असणारच, उजव्यालाही असणार. पण तिने उजवा पाहिलाच नाही.

"टेकला असेल," ती इन्स्पेक्टरांना म्हणाली. "मला कळलंच नाही."

हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. तिचा स्वतःच्या पायापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता. मी तिच्या तोंडावर खोटं बोललो आणि तिने माझ्याऐवजी बूट तपासला.

निघताना ती मला ‘अहो, चला’ म्हणाली, तेव्हा इन्स्पेक्टरांच्या लक्षात आलं. हे तुमचे मिस्टर का, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले की इतकी वर्षं इथे बसतोय, पण बायकोच्या विरुद्ध खरं बोलणारा नवरा आज पाहिला. मी काय केलं असेल? मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येणार होती. कंपनीनेही फोनवर सांगितलं की पंधरा दिवस थांबू. म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं, नाही का? मी तशीच समजूत घातली स्वतःची. आठ दिवसांनी ती पास होईल, आणि झालं गेलं गंगेला मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्लॉटवर गेलो. तिने नवा आठ काढला आणि गाडीवर बसली. पहिल्याच वळणावर तिने मान वाकवून डाव्या पायाकडे पाहिलं. गाडी डगमगली. पुढच्या वळणावर पुन्हा पाहिलं. मला ती दोन आठवडे सांगत होती की चाकाकडे पाहू नका, आणि आता स्वतः पायाकडे पाहत होती — दर वळणाला. तिसऱ्या फेरीत तिचा पाय टेकला. खरोखर टेकला. ती थांबली आणि म्हणाली की पाहा, हे असं होत असणार, आणि मला आजवर कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. प्लॉटवर आम्ही दोघंच होतो, ते आजोबासुद्धा नव्हते. मी म्हणालो, होतं असं, दमली असशील.

पाचव्या दिवशी तिने कंपनीला फोन केला. मी ओट्याशी लसूण सोलत उभा होतो. ती म्हणत होती की नोकरी फार चांगली आहे, पण मला घाटातून गाडी न्यायची आहे, मागे बियाण्यांची पोती बांधून, आणि माझा पाय कधी टेकतो ते माझं मलाच कळत नाही, अशा माणसाने हे काम घेऊ नये. पलीकडून कुणीतरी समजावत असावं. ती नाही, नाही म्हणत राहिली. मी लसूण सोलत राहिलो. भाजीला चार पाकळ्या पुरल्या असत्या, मी दोन गड्डे सोलले. फोन ठेवून ती आत आली, फ्रिजवरचं पत्र काढलं, घडी घातली आणि विचारलं की एवढा लसूण कशाला.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा परीक्षेला बसलो आणि पास झालो. वैशालीने शिरा केला.

आणि मग हे जे सुरू झालं, ते मी थांबवायला हवं होतं. ती ही गोष्ट सगळ्यांना सांगू लागली. रडून नाही — हसून. माझा पाय टेकला आणि मला पत्ताच नाही, पण आमच्या ह्यांनी पाहिलं, आणि साहेबांनी विचारल्यावर खरं ते सांगितलं. समोर बायको असो नाही तर कोणी! अकोल्याला तिच्या वडिलांनी ती चार गावांत पसरवली. मी गेलो की पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, हे आमचे जावई, सख्ख्या बायकोसाठीसुद्धा खोटं बोलले नाहीत. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात मी तोच होतो. भावाच्या घरी वाटणीवरून जरा कुरबूर झाली, तेव्हा सगळे म्हणाले की याला विचारा, हा खरं ते सांगेल. आणि मी सांगितलं! त्या खोट्याच्या जोरावर मी बारा वर्षं खरा माणूस म्हणून वावरतोय.

मत्सर होता का? होता. ती रोज सकाळी गाडीला किक मारून निघून जाईल आणि मी मागे राहीन, ही भीती होती का? होती. वीस माणसं हसली होती, त्याचा सूड होता का — आणि तो जी हसली नाही तिच्यावर? मला वाटतं, तोही होता. ही कारणं आहेत. त्यांनी काही कमी होत नाही. वैशाली अजून शिकवण्या घेते. चांगल्या घेते, मुलांना आवडते. रस्त्याने जाताना एखाद्या शेताच्या तुकड्यावर वेगळं पीक दिसलं की मागच्या सीटवरून वळून वळून पाहते, आणि मला तिचं ते वळणं गाडीच्या तोलातून कळतं.

आता मुग्धा अठरा वर्षांची झाली आहे. तिने गिअरचंच लायसन्स काढायचं ठरवलं, तेव्हा वैशालीने पहिल्यांदाच तिला विरोध केला. म्हणाली, माझ्यावर गेली असशील तर तुझाही पाय कळणार नाही तुला. मुग्धाने ऐकलं नाही. गेल्या महिन्यात पास झाली, आणि साठवलेल्या पैशांत थोडी आमची भर घालून जुनी मोटारसायकल घेऊन आली.

परवाच्या रविवारची गोष्ट. सोसायटीच्या आवारात सकाळी गाड्या कमी होत्या. मुग्धाने आईच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली, आई, एक चक्कर. वैशाली नको नको म्हणाली आणि बसली. बारा वर्षांनी बसली. पाण्याच्या टाकीला वळसा, पार्किंगला वळसा, असा जवळजवळ आठच होत होता. निघण्याआधी तिने मला हाक मारली. कित्येक वर्षांत तिच्या तोंडी न आलेली बोली आली.

"अहो, तुम्ही पाहा बरं, पाय टेकून राहिला का. मला कळत नाही."

मी पाहिलं. पहिल्या वळणावर ती जरा अडखळली, मग तिची मान वर गेली आणि तिने पुढे पाहिलं. टाकीला वळसा, पार्किंगला वळसा, पुन्हा टाकी. मी एकदाही डोळे हलवले नाहीत. ती माझ्यासमोर येऊन थांबली, गाल लाल झालेले, आणि तिने भुवया उंचावल्या.

"नाही टेकला," मी म्हणालो. "एकदाही नाही."

ती हसली. हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

"राहू द्या. तेव्हा साहेबांसमोर खरं बोलले तुम्ही. आता घरचंच आहे, म्हणून मला बरं वाटावं असं बोलून राहिले."

तिने किल्ली मुग्धाला परत दिली आणि चहा ठेवायला वर गेली.